झोप येईल असं पिस्तूल

हळदीच्या हंगामात आमच्या हिंगोलीत दुकानाची काच सकाळी पुसली तरी दुपारी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं. किश्श्यांचंही तसंच आहे. कुणी आणून टाकत नाही. हवेतून येतात आणि बसतात! त्यात माझं दुकान परवान्याच्या हत्यारांचं. दिवसाकाठी एखादा माणूस खरंच काही घ्यायला येतो. बाकीचे येतात ते बाकड्यावर बसायला, चहा प्यायला आणि जे पिस्तूल आपल्याला घ्यायचंच नाही त्याच्यावरून भांडायला.

माझं शिक्षण नववीपर्यंत. वडील कुलपं आणि जुन्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली कानस धरायला शिकलो. इंग्रजी शिकलो ती कंपन्यांच्या कॅटलॉगवर, शेजारी डिक्शनरी ठेवून. आजही मला इंग्रजीत कुणाची खुशाली विचारता यायची नाही, पण पिस्तुलाच्या तक्रारी मी फाडफाड सांगतो!

बाकड्यावरचे कायमचे दोघे. एक साखऱ्याचे पाटील. पन्नाशीचे, मिशीला तेल, कमरेला निकेलचं चांदीसारखं चकचकीत पिस्तूल. दुसरे हवालदार. सेनगावकडच्या एका तांड्यावरचे, फौजेतून निवृत्त झालेले, आता सोयाबीन करतात. त्यांचं पिस्तूल काळंभोर, तव्यासारखं, कुठूनही न चमकणारं. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नाही. पाटलांना हवालदाराचं पिस्तूल दिसलं की ते म्हणणार, "हे काय, सुतकात असल्यावानी!" आणि हवालदार म्हणणार, "पाटील, तुमचं हत्यार हाय का पानदान?"

या दोघांत एक दिवस दत्तराव येऊन बसले, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

*

दत्तराव हळदीचे आडते. भला माणूस, कुणाशी वरच्या आवाजात बोललेला मी ऐकला नाही. एकदा नांदेडहून परत येताना वारंगा फाट्यावर चहाला थांबले. गाडीकडं पाठ करून कप संपवला. वळून बघतात तर मागची काच फुटलेली आणि सीटवरची पिशवी गायब!

लोक जमले. "कितीचा माल व्हता वो पिशवीत?"

पिशवीत होती भाकरी, ठेचा आणि वाचायचा चष्मा. लोक हसले. दत्तरावही हसले. घरी आले, जेवले, आडवे झाले, आणि झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. झोपच गेली माणसाची!

"भाकरीचं काय न्हाई अण्णा," ते मला म्हणाले, "पन त्यानं माह्या मागं उभं राहून माही पाठ बघितली असंल ना? डोळे मिटले की मला माहीच पाठ दिसते."

पाटलांनी आपला चहा त्यांच्यापुढं सरकवला.

मग त्यांनी परवान्याचा अर्ज टाकला. चौकशा झाल्या, खेटे झाले, आणि एका दुपारी परवाना घेऊन माणूस थेट दुकानात. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाले,

"अण्णा, झोप येईल असं पिस्तूल द्या!"

पाटील म्हणाले, "मंग मेडिकलवर जा की!"

*

मी गिऱ्हाइकाला घाई करत नाही. काउंटरवर मखमलीचा तुकडा पसरला आणि तीन पिस्तुलं मांडली. तिन्ही बत्तीस बोअरची, तीन वेगळ्या कारखान्यांची, रिकामी. एक निकेलचं, एक काळ्या मॅट कोटिंगचं आणि एक निळं.

निळं म्हणजे रंग लावलेलं नव्हे. पोलाद तापत्या क्षारांच्या पाण्यात उकळतात, मग पोलादच त्या रंगाचं होतं. वरून लावलेलं काही नाही, आतूनच आलेलं. त्या रंगाला मी आजवर नाव देऊ शकलेलो नाही. सिद्धेश्वरच्या धरणावर सूर्य बुडाल्यावर, दिवे लागायच्या आधी, पाणी थोडा वेळ ज्या रंगाचं असतं तो. कोळ्यांच्या होड्या काठाला लागलेल्या असतात, आणि पाण्याला आपण दिवस आहोत की रात्र हे कळलेलं नसतं. तो.

दत्तरावांनी निळं उचललं, उजेडात फिरवलं. वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, आमचा पंखा फिरताना दिसत होता. इवलासा, संथ. ते बघत राहिले. आम्हीही बघत राहिलो. बाहेर हळदीच्या पोत्यांची ट्रक रिव्हर्स घेत होती, उन्हात पिवळी धूळ तरंगत होती, आणि एका माणसाच्या हातात एक लहानसा पंखा फिरत होता.

"निकेल घ्या," पाटील म्हणाले. "गंज चढत न्हाई, पुसलं की साफ. आन् चोराला लांबून दिसलं पायजे!"

"काळं घ्या," हवालदार म्हणाले. "चोराला दिसलं, म्हंजी तुमी बी दिसले."

दत्तरावांनी निळं खाली ठेवलं, हळूच, अंडं ठेवावं तसं.

"उद्या येतो," म्हणाले.

आणि उद्या आले. परवाही आले. पुढं किती तरी दिवस रोज दुपारी येत राहिले!

*

निकेलची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पाटलांच्या पुतण्याचं लग्न होतं. मंडळी वाड्यासमोर गाडीत बसलेली, आणि पाटलांचा पत्ता नाही. पाटलीणबाई आत बघायला गेल्या तर पाटील कपाटासमोर उभे, हातात रिकामं पिस्तूल, आणि त्याच्या स्लाइडमध्ये बघून फेट्याचा तुरा बसवून राहिलेत!

"आरसा काहून न्हाई घेत?"

"आरशात तोंड दिसतंय गं," पाटील म्हणाले, "यात इज्जत दिसती!"

ही गोष्ट पाटलीणबाईंनीच सगळ्या पंगतीत सांगितली. तेव्हापासून पाटील फेटा बांधून दुकानात आले की हवालदार मखमल झटकून विचारतात, "आणू का आरसा?"

*

कॅटलॉगमध्ये प्रत्येक पिस्तुलाच्या परीक्षा लिहिलेल्या असतात. खारी हवा, घाम, चिखल, थंडी. पण हिंगोलीत पिस्तुलाची खरी परीक्षा दसऱ्याला होते, आणि ती कुठल्या साहेबाला सुचलेली नाही! खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. विळा, कोयता, तलवार, त्यात पिस्तूलही पाटावर. वर हळद, कुंकू, अक्षता, फूल, आणि नारळ फुटला की त्याचं पाणी.

दसरा झाला की माझ्याकडं रांग लागते. माझा अनुभव असा, की निकेलवरचं कुंकू फडक्यानं निघतं. काळ्या कोटिंगच्या खाचांत हळद वर्षभर राहते. आणि निळ्यावर ओलं कुंकू राहिलं तर कुंकवाच्या जागी गंज येतो. पुसायला गेलं की कळत नाही, कुंकू कुठं संपलं आणि गंज कुठं सुरू झाला!

मागल्या दसऱ्यानंतर पाटील पिस्तूल घेऊन आले. "अण्णा, जरा जड चालून राहिलंय."

गोळ्यांचं मॅगझिन काढलं, मूठ तपासली, पिस्तूल मखमलीवर धरून स्लाइड मागं ओढली, तर आतून अक्षता सांडल्या! चांगल्या पसाभर नाही, पण पाच-सहा दाणे असतीलच. कुंकवानं माखलेले, तेलानं चिकट झालेले.

हवालदार उठले, मखमलीवरचे दाणे निरखून बघितले आणि गंभीरपणानं विचारलं,

"पाटील, आता गोळ्या भरायच्या, का जेवायला बसायचं?"

*

दत्तरावांना मी सगळं सावकाश शिकवलं. रिकामं पिस्तूल, तोंड कायम भिंतीकडं, बोट चापाच्या बाहेर. हे मॅगझिन, ही मूठ, ही सेफ्टी. ती लावलेली असली की चाप दाबला जात नाही.

एकदा त्यांनी भिंतीकडं पिस्तूल धरलं आणि चाप दाबायला लागले. दाबतायत, दाबतायत, चेहरा लाल.

"अण्णा, हे बिघडलेलं हाय!"

"सेफ्टी लावलेली आहे दत्तराव. आधी ती खाली करायची."

त्यांनी खाली केली. मग वर केली. मग विचारात पडले. "म्हंजी चोर आला तर मी आधी हे आठवायचं? वर का खाली?"

"मग काय?" मी म्हटलं.

"मला तर तवा देवाचं नाव बी आठवनार न्हाई!"

हवालदार समजुतीनं म्हणाले, "काळजी नका करू. चोरालेच इचारा. त्यायले ठावं असतंय."

दत्तराव हसले नाहीत. पिस्तूल ठेवलं आणि बाकड्यावर येऊन बसले. मी चहा सांगितला. माणूस इतका थकलेला, की कप हातात धरूनच त्याची मान डुलायला लागली. मी कप काढून घेतला. तेवढ्यात रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा टायर फुटला आणि ते ताठ होऊन पाठीमागं बघू लागले. पाठीमागं आमच्या दुकानाची भिंत होती. तरी बराच वेळ बघत होते.

*

सगळ्यात मोठं भांडण 'अडकतं कोणतं' यावरून. पाटील म्हणायचे निकेलचं अडकत नाही, गुळगुळीत असतं. हवालदार म्हणायचे, गुळगुळीत माणूसच जास्त अडकतो.

एका दुपारी दत्तरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत हळद! शिजवून, वाळवून, पॉलिशला टाकलेल्या हळदीचा तो बारीक भुगा, जो हंगामात आमच्या भाकरीत आणि स्वप्नातसुद्धा असतो.

"माह्या आडतीत हवाच अशी हाय," ते म्हणाले. "रोज हेच उडतंय. यात कोणतं चालतं ते बघू."

कॅटलॉग लिहिणाऱ्यांनी त्यांना नोकरी द्यायला हवी होती! नवीन मालावर मी हळद टाकू देणार नव्हतो. पण हवालदारांनी आपलं काळं पुढं केलं, पाटलांनी चढाओढीनं आपलं निकेल, आणि दुकानात दाखवायला ठेवलेलं एक जुनं निळं होतंच. तिन्ही रिकामी करून दोनदा बघितली, प्लास्टिकची डमी काडतुसं भरली. दत्तराव पुजाऱ्यासारखे चिमटीनं भुरभुरत गेले. मी एकेक स्लाइड ओढत गेलो आणि डमी बाहेर पडत गेल्या. टक, टक, टक.

काळं चाललं. निळं एकदा कुरकुरलं, पण चाललं. पाटलांचं निकेल तिसऱ्या डमीला अडकलं. काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर!

पिस्तुलाचा दोष नव्हता. पाटलांना चकाकी आवडते म्हणून ते त्याला तेल फार पाजतात, आणि तेलात हळद पडली की तिचा लेप होतो. पण हे ऐकायला कुणाला वेळ? हवालदारांनी टाळी वाजवली. पाटील लालबुंद. मिशीला पीळ दिला, आणि मग त्यांना जे सुचलं ते त्यांच्या खानदानातसुद्धा आधी कुणाला सुचलं नसेल.

"हळद लागल्यावर माणूस जल्मभर अडकतंय, हवालदार! हे तर बिचारं पिस्तूल हाय!"

*

दत्तरावांच्या परवान्यावरची खरेदीची मुदत संपत आली आणि वहिनी स्वतः दुकानात आल्या. बाकड्यावरचे दोघे उठून उभे राहिले. मी खुर्ची दिली.

"अण्णा, ह्यांना एकदाचं काय ते द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुत्रं झोपतंय, मांजर झोपतंय, हेच एक जागं. पडल्या पडल्या मला इचारतेत, 'निळं का काळं?' म्या काय सांगू? मी काय लुगडं घेऊन राहिले का?"

दत्तराव खाली मान घालून बसलेले. मी तिन्ही पिस्तुलं मांडली. वहिनींनी निळं उचललं, वांगी निवडताना बाई हातात वजन घेते तसं घेतलं.

"रंग बरा हाय," म्हणाल्या. "आन् हे ठुवायचं कुठं?"

इतके महिने आम्ही फिनिशवर बोललो, सेफ्टीवर बोललो, मुठीच्या लाकडावर बोललो. हा प्रश्न बाकड्याला पडलाच नव्हता! पाटील म्हणाले, "कमरेला." हवालदार म्हणाले, "कुलपात." मी म्हटलं, "कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात."

वहिनींनी नवऱ्याकडं बघितलं. "आन् किल्ली?"

दत्तरावांनी निळंच घेतलं.

*

पाच-सहा दिवसांनी दत्तराव आले ते आधीपेक्षा वाईट दिसत होते.

"काय झालं?"

"अण्णा, पिस्तूल कपाटात ठुलं. कपाटाची किल्ली पेटीत ठुली. पेटीची किल्ली देव्हाऱ्यात. मंग वाटलं, देव्हाऱ्यात नातू हात घालतंय. म्हून ती काढली आन् गव्हाच्या कोठीत टाकली. आता पडलो की आठवतंय, कोठीतून गहू काढला तर? उठतो, कोठी बघतो. कोठी हाय तर पेटी बघतो. पेटी हाय तर कपाट बघतो. तवर कोंबडा आरवतोय!"

"पण पिस्तूल कसं आहे? बरं चालतं ना सगळं?"

"पिस्तूल एक नंबर हाय," ते तळमळून म्हणाले. "एवढं देखणं हाय, की कोनी बी उचलून नेईल! आधी मला नुसती चोराची भीती व्हती. आता पिस्तुलाची बी हाय."

पाटलांनी खूप विचार केला. "मंग असं करा. पिस्तुलाला एक राखणदार ठुवा. आन् राखणदाराला एक पिस्तूल घेऊन द्या!"

मी हसलो, पण गिऱ्हाईक गेल्यावर मला बरं वाटेना. इतकी वर्षं हाच धंदा केला. माल खोटा दिला नाही, भाव खोटा सांगितला नाही. पण माणूस माझ्याकडं मागायला काय आला होता, आणि मी मखमलीत गुंडाळून दिलं काय!

*

मग निवडणूक लागली.

निवडणूक लागली की हत्यारं जमा करण्याचा हुकूम येतो. परवानेवाल्यांनी पोलीस ठाण्यात जमा करायची, नाहीतर आमच्यासारख्या दुकानात ठेवायची. निकाल लागून सगळं शांत झालं की परत न्यायची. त्या दिवसांत माझ्या आतल्या पोलादी खोलीत जागा नसते. लग्नघरात पाहुण्यांची लेकरं एका सतरंजीवर ओळीनं झोपवतात तशी पिस्तुलं पडलेली असतात. प्रत्येकाला फडकं गुंडाळलेलं, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. दार लावताना मी नकळत हळू लावतो.

पाटील दर वेळी शेवटच्या दिवशी येतात. "कमर उघडी पडल्यावानी वाटतंय अण्णा," म्हणतात आणि दाराशी दोनदा वळून बघतात. हवालदार येतात, रिकामं करून दाखवतात, सही करतात, चहा न घेता जातात.

दत्तराव या वेळी सगळ्यांच्या आधी आले. निळं काउंटरवर ठेवलं. सही केली. गेले.

आणि नंतर बाकड्यावर आलेच नाहीत. एक दिवस झाला, आठवडा झाला. प्रचाराच्या रिक्षा गल्लीतून ओरडत फिरत होत्या, हवालदार आणि पाटील भांडत होते, पण त्यात रंग नव्हता. मधली जागा रिकामी. शेवटी पाटीलच म्हणाले, "अण्णा, जाऊन या जरा. आधीच झोप न्हाई, त्यात आता हत्यार बी न्हाई. माणूस काय करून घेईल सांगता येत न्हाई."

भर दुपारी मी त्यांच्या आडतीवर गेलो. दाराशी वहिनी बसलेल्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत अर्धा अंधार. वरच्या एका फटीतून उन्हाची तिरीप आलेली, तिच्यात हळद तरंगत होती, सोन्याच्या पाण्यात तरंगावी तशी. खाली पोत्यांच्या थप्पीवर दत्तराव. दाराकडं पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं. भुवया पिवळ्या झालेल्या, पांढऱ्या सदऱ्याची पाठसुद्धा पिवळी. बाहेर लाउडस्पीकर कोणाला तरी विजयी करा म्हणून सांगत होता, आणि हा माणूस घोरत होता.

"कवापासून?" मी कुजबुजलो.

"तुमच्याकडं ठुवून आले त्याच दिवसापासून," वहिनी म्हणाल्या. "आडतीत बी झोपतेत, घरी बी झोपतेत. काल जेवता जेवता झोपले. म्या उठवलंच न्हाई."

मी चपला हातात घेऊन परत आलो.

निकाल लागला, गुलाल उडाला, हत्यारं परत द्यायचा हुकूम आला. पाटील सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर! हवालदार दुपारी. बाकीचेही येऊन गेले. आतली सतरंजी रिकामी होत गेली. शेवटी तिच्यावर एकच फडकं उरलं.

दोनदा निरोप धाडला तेव्हा दत्तराव आले. अंगावर धुतलेला सदरा, गाल भरलेले, डोळ्यांखाली काही नाही. मी त्यांना ओळखायला क्षणभर चुकलो. बाकड्यावरच्या दोघांनी सरकून मधली जागा करून दिली. मी फडकं सोडून निळं पिस्तूल मखमलीवर ठेवलं.

त्यांनी ते उचललं. उजेडात फिरवलं. स्लाइडवर पंखा फिरत होता, तसाच इवलासा, तसाच संथ. बराच वेळ बघितला. मग फडक्यात पुन्हा गुंडाळलं, चिठ्ठी नीट बांधली, आणि काउंटरवरून माझ्याकडं सरकवलं. पाटलांना ऐकू जाऊ नये म्हणून पुढं वाकले, आणि हळूच म्हणाले,

"अण्णा, आता पुढचं इलेक्शन कधी हाय वो? ग्रामपंचायतीचं बी चालंल."